बॅकअपमधून 'रिस्टोअर' करणे: मराठीत काय लिहावं?

अँकीड्रॉइड या कार्डांवरून उजळणी करायच्या अॅपच्या मदतपानाचं मराठी करतेय, बॅकअप रिस्टोअर करण्यापाशी अडलंय. 'पुनर्स्थापना' फोनवर वाचायला फारच जड वाटतं. सध्या 'डेटा परत आणा' लिहून ठेवलंय, चालेल का?

— 'परत आणा' नको. त्याने असं वाटतं की उडालेला एखादा डेक (कार्डांचा गठ्ठा) तेवढा परत येईल आणि बाकीचं आहे तसंच राहील. इथे अख्खं कलेक्शन, म्हणजे सगळे डेक, बॅकअप घेतला त्या वेळेला मागे जातं, म्हणजे त्यानंतर टाकलेली कार्डं, केलेली उजळणी सगळं जातं, आणि हे बटण दाबायच्या आधी कळायला हवं ना. मी तर 'मागच्या स्थितीला नेणे' लिहीन, लांबलं तरी चालेल.

— 'पूर्ववत करणे' आहे की! मेनूत नीट बसतं.

— पूर्ववत आपण अनडूला वापरतो, एक पायरी मागे. तिथेच राहू दे ते.

शिवाय फोनवरचं मागे नेलं म्हणजे निम्मंच काम झालं, अँकीवेबवर, म्हणजे सिंकच्या सर्व्हरवर, नवी प्रत तशीच बसलेली असते. पुढच्या सिंकला अॅप विचारतं, अपलोड की डाउनलोड, कारण आता दोन्हीकडचं मिसळता येत नाही, एकच बाजू राहणार. घाईत डाउनलोड दाबलं की मागे नेलेलं सगळं पुसून पुन्हा नवीनच येऊन बसतं, आणि माणूस म्हणतो बॅकअपच खराब होता. म्हणून त्या दोन बटणांखाली 'फोनवरची प्रत ठेवा' आणि 'सर्व्हरवरची प्रत ठेवा' असं सरळ लिहा, 'समक्रमण' वगैरे तिथे अजिबात नको, त्यातून दोन्ही जुळवून घेतील असाच अर्थ निघतो.

— पटलं. गूगल कॉन्टॅक्ट्समध्ये 30 दिवसांपर्यंत मागे जाता येतं, तिथे पण हेच शब्द चालतील?

— 'मागच्या स्थितीला नेणे' चालेल. प्रत ठेवायचा प्रश्न तिथे येत नाही, कारण बदल खात्यावरच होतो आणि सिंक चालू असलेले फोन त्याच्यामागे येतात.

— ओके, मग तेच शब्द घेते. आणि एक ओळ वाढवते: 'दुसऱ्या फोनवरची उजळणी बॅकअप घेण्याआधी सिंक होऊन या फोनवर आलेली नसेल तर ती जाईल. इथली प्रत अपलोड झाल्यावर त्या दुसऱ्या फोनवर सर्व्हरवरची प्रत निवडा.'

— 'जाईल' नको, 'कायमची जाईल' लिही.