मदत हवी आहे: सूर्यावरचे डाग दुर्बिणीतून डोळ्याला दिसतात, मोबाईलमध्ये नुसती पांढरी थाळी

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहून राहिलो. तालुक्याला आमचा सात-आठ जणांचा आकाशदर्शनाचा ग्रुप आहे, कोणी मास्तर, कोणी कृषी केंद्रवाला, मी कास्तकार. वर्गणी काढून जुनी ११४ मिमीची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण) घेतली, फोकल लेंथ ९००, अन् तोंडाला ओडी ५ ची (ओडी म्हणजे उजेड अडवायचं माप) सोलर फिल्म पुठ्ठ्याच्या रिंगेत बसवली. म्हणजे लाखातला एक भाग उजेडच आत जाते, एक्स-रेच्या फिल्मवाले आम्ही नाही.

भानगड अशी की आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) डोळा लावला की डाग झकास दिसतात, परवा तर एका डागाचा मधला काळा भाग अन् भोवतालची करडी झालर वेगवेगळी दिसली, पोट्टे हटायलेच तयार नाहीत. पण मोबाईल लावला की डाग गायब! कधी आलाच तर सूर्याची कड लवलवते, डांबरी रोडवरच्या हवेसारखी. आम्ही शाळेच्या स्लॅबवर लावतो, दुपारी एकला, पोट्ट्यांची सुट्टी तेव्हाच असते ना. फिल्म सुरकुतली आहे, त्यानं होत असेल का? एक काका म्हणतात ढोलकीसारखी ताणून बसव. अन् एच-अल्फा, म्हणजे सूर्यासाठीची ती महागडी खास दुर्बीण, घ्या असं सांगू नका बाप्पा, यंदा कापसानं आधीच रडवलं.

प्रतिसाद १
भाऊ, फिल्म ताणू नका, सुरकुत्या चालतात, ताणली की चित्र बिघडते. फक्त दर वेळी बल्बसमोर धरून भोक पडलं का ते बघा. भोवतालचं आकाश काळं असते म्हणून मोबाईलला वाटते अंधार आहे, अन् तो एक्स्पोजर वाढवते. प्रो मोडमध्ये आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) सगळ्यात कमी, शटर १/५०० सेकंदापासून आणखी वेगवान करत न्या. सूर्य कडेला जरा मंद दिसाले लागला की जमलं समजा. आयपीस २५ मिमीचा लावा, १० मिमीच्यात सूर्य जेमतेम मावते.

प्रतिसाद २
स्लॅब सोडा हो! तापलेला स्लॅब अन् वर दुर्बीण, लवलवणारच. सकाळी आठ-नऊला, गवतावर मांडा. फोटोपेक्षा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, ऑटोस्टॅकर्ट नावाचं सॉफ्टवेअर त्यातल्या चांगल्या फ्रेम निवडून जोडते. आणि फाइंडरचं, म्हणजे नळीवरच्या बिनफिल्मच्या छोट्या दुर्बिणीचं, झाकण लावता ना?

धागाकर्ता
नव्हतो लावत. मागं एका पोट्ट्याच्या हाताला तिथंच चटका बसला, आम्ही म्हटलं ऊनच तसं आहे. आता फाइंडर काढूनच ठेवला, नळीची सावली सगळ्यात लहान झाली की सूर्य सापडतेच.

आज सकाळी आठला बांधावर मांडली, आयएसओ ५०, शटर १/८००, अन् डाग आले की राव! न्यूटोनियनमध्ये उलटं दिसते म्हणून फोटो १८० अंश फिरवून नासाच्या एसडीओ या सूर्य बघणाऱ्या उपग्रहाच्या फोटोशी जुळवला. सगळे जुळले, एक सोडून. तो तीन दिवसांपासून जागचा हलला नव्हता. आयपीस फिरवला तर त्याच्यासंगं फिरला. कचरा होता. पोट्ट्यांनी तिन्ही दिवस वहीत काढून ठेवला आहे, झालरीसकट.