यामाहाची आर१५ म्हणजे नुसता दिखावा? मग हे वाचा (२२० वाल्यांनी आधी पाणी पिऊन यावं)

यवतेश्वरी_वारा (सातारा)
परवा इथे २२०_कराड भाऊंनी लिहिलं की आर१५ ही पोवई नाक्यावर उभी करून फोटो काढायची गाडी आहे, १५५ सीसीला ऑनरोड दोन लाखांच्या घरात पैसे मोजणारा येडा, आणि आपल्या घाटात चालावी ती पल्सर २२०च. खाली सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. गप्प बसायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

सीसी बघून गाडी मापायचं आधी सोडा. आर१५ च्या व्ही४ला, म्हणजे चौथ्या मॉडेलला, १८.४ पीएस ताकद, वजन १४२ किलो. २२० एफला २०.४ पीएस, वजन १६० किलो. चालवणारा सत्तर किलोचा धरला तर किलोमागे ताकदीत फरक पडतो दोन टक्क्यांचा. ६५ सीसी जादा लावून भाऊंनी नक्की काय कमावलं?

"खाली दम नाही" हे २००८ च्या पहिल्या मॉडेलबद्दल बोललात तर ऐकून घेईन. व्ही३ पासून व्हीव्हीए आहे, म्हणजे इंजिनाच्या वेगानुसार व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा. ७४०० आरपीएमच्या आसपास इनटेकचा कॅम बदलतो, त्यामुळे खाली इंजिन गुदमरत नाही आणि वर हवा कमी पडत नाही. सहा गियर दिलेत ते वापरायला. यांना चौथ्यात टाकून डुलक्या काढायची सवय, आणि आर१५ चौथ्यात यवतेश्वर ओढत नाही म्हणून बोंब मारायची.

आणि घाट चढण्यात कसली आलीय मर्दुमकी, ती उतरताना कळते. कासवरून पावसात खाली येताना वळणाच्या तोंडावर घाईत दोन गियर खाली मारून बघा. २२० चं मागचं चाक टणाटण उडतं. आर१५ ला स्लिपर क्लच आहे, तो गियर खाली मारल्याचा झटका सैल करतो, चाक रस्ता सोडत नाही. डेल्टाबॉक्स फ्रेम, मागे १४० चा रेडियल टायर, हे सगळं माहितीपत्रकात छान दिसतं म्हणून सांगत नाही. सप्टेंबरात फुलांच्या गर्दीत समोरून टेम्पो ट्रॅव्हलर अर्धा रस्ता खाऊन येतो, तेव्हा गाडी धरलेली ओळ सोडते की नाही एवढंच बघायचं असतं. आर१५ सोडत नाही. पैसे त्याचे दिलेत.

२२०_कराड
भावा, एवढं लिहिलंस, पण सत्तर किलोचा हिशोब एकट्याचा मांडलास. लग्न झालंय का तुझं? आमच्या मागे मंडळी बसते, मध्ये पोरगं, आणि परत येताना सासूबाईंनी दिलेली तांदळाची पिशवी. पाटणवरनं कराडला असं येऊन दाखव, मग टक्केवारी काढ. टॉर्क बघ की, ओढायचा जोर. माझा १८.५५ न्यूटन-मीटर, तुझा १४.२. हा फरक पण दोन टक्क्यांचाच काय?

त्या मागच्या सीटबद्दल तर बोलूच नकोस. देव्हाऱ्यातला पाट उचलून गाडीवर ठेवलाय नुसता. माझी आई एकदा भाच्याच्या आर१५ वर बसली, उंब्रजला उतरली आणि एसटीनं घरी आली.

यवतेश्वरी_वारा (सातारा)
आईला न्यायला घरी स्प्लेंडर आहे. स्पोर्ट गाडी घ्यायची आणि तिच्यावर तांदूळ येत नाहीत म्हणून रडायचं, हा न्याय कुठला? आणि मध्ये पोरगं बसवून ट्रिपल सीट चालवणारा आम्हाला घाट शिकवणार.

२२०_कराड
चार वर्षांचं पोरगं आहे ते. तू ट्रॅफिक हवालदार आहेस काय?

आरएक्सकाका
तुमच्या १५५ ला १८. आमच्या आरएक्स १०० ला ९८ सीसीत ११ होते, वजन शंभराच्या जरासं वर, आणि ना रेडिएटर ना सेन्सर. १९९६ ला बंद केली आणि तिथंच मोटारसायकल संपली. बाकी चालू द्या.

यवतेश्वरी_वारा (सातारा)
काका, ती टू-स्ट्रोक होती. दर फेऱ्याला एकदा पेटते. तिची तुलना हिच्याशी कशी लावता?

आरएक्सकाका
पेटायची हे तर मान्य केलंस.

मिस्त्री_मिरज
दोघंही अर्धं अर्धं बोलताय. टॉर्क इंजिनाचा बघायचा नसतो, चाकावरचा बघायचा. आर१५ चं गियरिंग आखूड आहे, आरपीएम वर जातो, त्यामुळे चाकापर्यंत पोचेस्तोवर ती बरीच तूट भरून निघते. पण त्यासाठी काटा सात हजारांच्या वर ठेवावा लागतो. मागं बाईमाणूस, इंजिन ओरडतंय, ती पाठीत गुद्दे घालतीय, अशात किती जण ठेवतात? म्हणून कराडकरांचंही खोटं नाही.

आता आर१५ वाल्यांसाठी. हे इंजिन शॉर्ट स्ट्रोक आहे, म्हणजे पिस्टनची धाव (स्ट्रोक) सिलिंडरच्या व्यासापेक्षा (बोअर) कमी, असं दर दुसरा पोरगा मला सांगतो. अजिबात नाही. बोअर ५८, स्ट्रोक ५८.७. उलट २२० चं ६७ बाय ६२.४, खरं शॉर्ट स्ट्रोक ते. म्हणजे आर१५ दहा हजारांवर फिरते तेव्हा पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १९.६ मीटर होतो, २२० चा ८५०० वर १७.७. त्यातून सिलिंडर डायसिलचा, म्हणजे ॲल्युमिनियम-सिलिकॉनचा, आत लोखंडी लायनर नाही. उष्णता झकास बाहेर काढतो, पण घासला तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालायची सोय नाही, अख्खा ब्लॉक बदला. तरी पोरं ऑइल लांबवतात, कूलंट संपलं की नळाचं पाणी ओततात, रेडिएटर शेणामातीनं लिंपलेला असतो, आणि ब्लॉकची किंमत सांगितली की मलाच चोर म्हणतात. दोन लाखांची गाडी घेताना विचार करत नाहीत, ऑइलच्या डब्याला करतात.

पसरणी_वाई
तुम्ही पीएस मोजत बसा. माझी २०१८ ची व्ही३ आधी ४५ च्या पुढे ॲव्हरेज द्यायची, आता चाळिशीवर आलीय. सगळा त्या २० टक्के इथेनॉलचा प्रताप. माझी गाडी असल्या ई२० पेट्रोलसाठी बनलेलीच नाही. नळ्या, सील, कशाकशाला लागणार देव जाणे. आणि पेट्रोल स्वस्त झालं का? एक रुपया नाही. साखर कारखानदारांचं भलं आमच्या टाकीतनं.

ऊसवाला_वाळवा
कारखानदारांचं भलं म्हणं! टाकीत काय पडतं ते दिसतं, शेतात काय पडतं ते दिसत न्हाई. इथेनॉल हाय म्हणून कारखान्याकडं पैसा येतो, साखर नुसती गोदामात पडून ऱ्हायली तर आमचं बिल कुठनं निघणार? डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं उसाच्या रसापासनं इथेनॉल करायला आडकाठी घातली तवा कारखाने कसे हातावर हात धरून बसले ते आमाला इचारा. तुमचं पाच किलोमीटर कमी झालं तर एवढं दुखतंय.

पसरणी_वाई
मग त्या पैशातून बिल वेळेवर मिळतं का? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवस लिहिलेत. तुम्हाला मिळालं कधी चौदा दिवसांत? नाही ना? मग पैसा गेला कुठे? आम्ही ॲव्हरेज सोडायचं आणि तुम्ही बिलाची वाट बघत बसायचं, मधल्या मध्ये मजा कोणाची चाललीय हे तुम्हाला माहीत आहे, पण बोलायची हिंमत नाही. संचालक पाहुणे असतात ना.

ऊसवाला_वाळवा
पाहुणे काढू नका. हिंमत आमची बघायची असंल तर दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्यावर या, उसाचे वजनकाटे बंद पाडतो आमी. २०२५-२६ ची एफआरपी, म्हंजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, टनाला ३५५० जाहीर झाली, ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला, आणि त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. तुमाला वाटतं आख्खे ३५५० घरी येतात. वाईत बसून बोलायला काय जातंय.

२२०_कराड
बिलाचं राहू द्या, आधी ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर दोन मजली ऊस, मागं एक लाल दिवा नाही, आणि गाणी एवढ्या आवाजात की हॉर्न ऐकू जात नाही. दोन वर्षांपूर्वी रात्री ताकारीच्या रस्त्यावर माझा चुलतभाऊ असल्याच एका उभ्या ट्रॉलीत घुसला. पायात सळई आहे अजून. ब्रेक, एबीएस, स्लिपर क्लच, काहीही असू दे, दिसलंच नाही तर काय कामाचं?

ऊसवाला_वाळवा
वाईट झालं. पण ट्रॅक्टर माझा न्हाई, वाहतूक ठेकेदाराचा असतो. आमीच तोडीसाठी मुकादमाच्या पाया पडतो, आन् तुमी आमालाच शिव्या देताय. तुमचा भाऊ किती वेगात होता ते बी सांगा की.

२२०_कराड
तोंड सांभाळून. सळई तुझ्या पायात नाही.

ॲडमिन_सातारा_सांगली_रायडर
उसाचा वेगळा धागा काढा. इथे गाडीबद्दल बोला.

मिस्त्री_मिरज
गाडीचंच सांगतो, पण इथेनॉलवरूनच. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी. वीस टक्के मिसळलं की निव्वळ पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्के कमी झाली. वाईकरांचं ४५ वरनं ४० म्हणजे अकरा टक्के. आणि २०१८ ला तरी निव्वळ पेट्रोल कुठं मिळत होतं, थोडं इथेनॉल तेव्हाही असायचंच. मग उरलेलं कुठं गेलं? चेन बघा, हवा बघा, एअर फिल्टर कधी बदलला ते आठवा. दुसरं, इथेनॉलनं ऑक्टेन, म्हणजे इंधनाची अवेळी न पेटायची ताकद, वाढतं, ई२० चं ९५ आहे. ११.६ कॉम्प्रेशनच्या इंजिनाला ते वाईट नाही, चढावर नॉकिंग होत नाही.

मात्र जुन्या गाडीच्या रबराबद्दल त्यांची भीती खोटी नाही. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत ई२० चालणारं सामान आलं, त्याआधीच्यांच्या नळ्या तपासत राहायच्या. आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं, ते टाकीच्या तळाला बसतं, मग पंप जातो.

पसरणी_वाई
म्हणजे निम्म्याहून जास्त दोष इथेनॉलचाच. तेच मी म्हणत होतो. चेनला ऑइल लावतो, धन्यवाद.

यवतेश्वरी_वारा (सातारा)
धागा माझा, आणि चाललंय काय तर एफआरपी. २२०_कराड, तुम्ही उताराबद्दल अजून एक अक्षर बोलला नाहीत. दोन प्रतिसाद तांदळावर, दोन उसावर.

२२०_कराड
घे बाबा. उतारावर तुझी गाडी बरी. झालं समाधान? चढ आम्ही चढतो, वर गेल्यावर चावी तुला देतो, तू उतरव. हायवेवर मात्र पुन्हा आम्हाला दे. तासभर त्या खालच्या क्लिप-ऑन हँडलवर वाकून मनगटं मोडतात, शिरवळला उतरलं की चहाचा कप धरता येत नाही.

यवतेश्वरी_वारा (सातारा)
मनगटावर भार येतो कारण तुम्ही हँडलवर लोंबकळता. गुडघ्यांनी टाकी धरायची. पोट आड येत असेल तर तो गाडीचा दोष नाही.

२२०_कराड
पोटापर्यंत आलास म्हणजे मुद्दे संपले.

कृष्णाकाठ_सांगली
मी फक्त वाचत होतो. माझ्याकडे व्ही३ आहे. गाडी एक नंबर, पण सांगलीला घाट कुठाय? विश्रामबाग ते कॉलेज कॉर्नर, त्यात कसला व्हीव्हीए आणि कसलं काय. पेठच्या रस्त्यावर तर इतकी वर्षं खड्डे चुकवण्यातच गेली, मागचं कडक सस्पेन्शन कमरेत बसतं. सातारकरांना घाट आहेत म्हणून त्यांचं ठीक. आम्ही दोन लाख देतो ते पार्किंगमध्ये भारी दिसते म्हणून, खरं ते खरं. परवाच्या पोस्टवर टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

यवतेश्वरी_वारा (सातारा)
घरभेदी.

ऊसवाला_वाळवा
मिस्त्री, भांडण ऱ्हाऊ द्या बाजूला. पुतण्या मागं लागलाय, सांगलीत एक सेकंडहँड व्ही३ बघितलीय, २०१९ ची सुरुवातीची. रंग चकाचक हाय, किलोमीटर बी कमी दाखवतीय. घ्यावी का?

मिस्त्री_मिरज
२०१९ ची सुरुवातीची आणि सांगलीतली, म्हणजे ऑगस्टचा पूर तिनं बघितलाय. कुठल्या गल्लीत होती ते आधी विचारा. मग फेअरिंग काढायला लावा, वरनं पुसलेली गाडी काहीच सांगत नाही. वायरिंगच्या सॉकेटात बारीक चिखल, सीटखाली बोल्टांवर गंज, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ, यातलं एक जरी दिसलं तरी हात जोडून परत या. ते नसेल तर थंड इंजिन सुरू करून सायलेन्सरमधनं निळा धूर येतो का बघा. आला तर डायसिलचं वर सांगितलंयच. आणि पुतण्याला म्हणावं, सात हजारांच्या वर गेल्यावर आवाज बदलतो तो व्हीव्हीएचा, घाबरून परत आणू नकोस. तसलं गिऱ्हाईक महिन्याला एक तरी येतंच.