परसातले टोमॅटो: बी धरता येईल असे कुठले वाण लावू?

परसू_फोंडा: जांभ्याची माती, सहा तास ऊन. संकरित नकोत. ब्रँडीवाइन, चेरोकी पर्पल, ब्लॅक चेरी मनात आहेत. बी कधी टाकू?

कुळागर: ब्रँडीवाइन सोडा. लागवडीनंतर फळ पिकायला ८०-१०० दिवस, आणि रात्री २२-२३ अंशांच्या वर राहिल्या की फुलं गळतात. आपल्याकडे थंडी ती केवढीशी! चेरोकीची दोन रोपं हौसेपुरती. ब्लॅक चेरी बिनधास्त लावा, बारीक फळांचे वाण उष्म्यात जास्त धरतात. चवथ झाली की सप्टेंबरअखेर ट्रेमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल बी टाका, वर छप्पर हवंच. चार-पाच पानांचं रोप जमिनीत, ६० सेंटिमीटर अंतरावर.

मर_नको: वाणाआधी मर रोगाचं बघा. पानं हिरवीगार असताना झाड दुपारी मान टाकतं. खोड कापून ग्लासातल्या पाण्यात टोक धरा. दुधाळ धागे सुटले तर जिवाणूजन्य मर. त्यावर औषध नाही, झाड मुळासकट काढा. गेल्या वर्षी वांगी-मिरची होती ती जागा टाळा. जुन्या विलायती वाणांत याला प्रतिकार जवळजवळ नसतो. बंगळूरच्या उद्यानविद्या संस्थेचे अर्का आलोक आणि अर्का आभा प्रतिकारक आहेत, शिवाय सरळ वाण, म्हणजे बीही धरता येतं.

परसू_फोंडा: चुना टाकू का?

मर_नको: आधी मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप) तपासा. ६ ते ६.५ असेल तर नको. चेरोकी मात्र नव्या मातीच्या २० लिटरच्या कुंडीतच.