शीतप्रक्रियेत हवेचं नाही, गराचं तापमान बघा

फळं थंड कंटेनरमधून आली की फळमाशीचा धोका टळला, असं कुणी म्हणेल. तेवढं पुरत नाही. शीतप्रक्रिया म्हणजे फळातली माशीची अळी मरावी म्हणून फळं ठरावीक तापमानाला ठरावीक दिवस थंड ठेवणं. भूमध्यसागरी फळमाशीसाठी अमेरिकेच्या कृषी खात्याचा निकष असा: १.११ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली सलग १४ दिवस, १.६७ अंशांपर्यंत १६ दिवस, २.२२ पर्यंत १८ दिवस. आणि हे तापमान गराचं. सेन्सरचं टोक फळात पूर्ण रुतलेलं हवं. जरा बाहेर राहिलं तर हवेचा आकडा नोंदला जातो, आतली अळी जिवंतच. सेन्सर आधी बर्फाच्या लगद्यात शून्याला तपासून घेतात. फळं गरम असतानाच भरली, किंवा पेट्यांमधून हवा खेळायला वाट ठेवली नाही, तर मधले थर वेळेत थंड होत नाहीत. बहुतेक वेळा गडबड तिथेच होते.