नवीन राऊटर आल्यापासून प्रिंटर वायफायला जोडलाच जात नाही, मदत हवी आहे

मंडळी, दोन दिवस डोकं खाजवून झालं, आता तुम्हीच सांगा.

घरी सहा-सात वर्षांचा शाईच्या टाकीवाला प्रिंटर आहे. जुन्या राऊटरवर निमूट चालायचा. गेल्या आठवड्यात फायबर घेतलं, माणूस नवा ड्युअल बँड (दोन फ्रीक्वेन्सींवर चालणारा) राऊटर भिंतीला ठोकून गेला, आणि तेव्हापासून प्रिंटरचा वायफायचा दिवा नुसता लुकलुकतोय. मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही सगळे जोडले गेले, हाच एकटा रुसलाय.

"बंद करून चालू करा" कृपया सांगू नका, दहादा केलंय. नेटवर्क रीसेट केलं, पासवर्ड लेकीकडून वाचून घेत टाकला, पासवर्ड न टाकता जोडणारं डब्ल्यूपीएसचं बटणही दाबलं. गंमत म्हणजे माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला लगेच जोडला गेला! केबल लावली की छापतोही. पण सासऱ्यांना सातबारा आणि लेकीला प्रोजेक्टची चित्रं एकाच वेळी हवी असतात, केबल किती वेळा इकडून तिकडे करू?

प्रतिसाद: घरगुती प्रिंटर बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. नवे राऊटर २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव देतात, तिथे घोळ होतो. सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींची नावं वेगळी करा. आणि प्रिंटरचा वायरलेस रिपोर्ट छापा, त्यात खरं दुखणं कळतं.

धागाकर्ती: नावं वेगळी केली. २.४चं नाव दिसतं, पण पासवर्ड दिला की पुन्हा लुकलुक. रिपोर्टमध्ये नेटवर्क सापडलं त्यापुढे "पास", सुरक्षेपुढे "फेल". आयपी पत्ता (नेटवर्कमधला प्रिंटरचा क्रमांक) १६९.२५४ने सुरू होतोय.

प्रतिसाद: मग बँडचा प्रश्न नाही ताई. १६९.२५४ म्हणजे राऊटरने पत्ता दिलाच नाही, प्रिंटरने स्वतःच एक लावून घेतला. आणि पासवर्ड बरोबर असून सुरक्षेत फेल, म्हणजे राऊटर बहुधा डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर असणार. ते २०१८ मध्ये आलं, तुमच्या प्रिंटरला ती भाषा येत नसावी. डब्ल्यूपीएसचं बटणही त्यामुळेच फसलं असेल, डब्ल्यूपीए३बरोबर ते चालत नाही. २.४च्या नावापुरती डब्ल्यूपीए२ ही आधीची पद्धत, एईएस एन्क्रिप्शनसह, निवडा. ५वर डब्ल्यूपीए३ राहू द्या. सुरक्षा पूर्ण काढून उघडं नेटवर्क मात्र ठेवू नका, काहीजण तोही सल्ला देतात.

धागाकर्ती: दिवा स्थिर झाला!! मोबाइलवरून पान निघालं. लॅपटॉप मात्र प्रिंटर "ऑफलाइन" आहे म्हणतोय.

प्रतिसाद: तो अजून जुन्याच पत्त्यावर हाका मारतोय. राऊटर बदलला की आयपी पत्तेही बदलतात. लॅपटॉपमधला जुना प्रिंटर काढून टाका आणि नव्याने जोडा. मग राऊटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटून देणाऱ्या) सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवा, नाहीतर लाइट जाऊन आली की पुन्हा हीच शोधाशोध.

धागाकर्ती: झालं, पत्ताही राखून ठेवला. सातबारा छापून सासऱ्यांच्या हातात दिला. लेकीची चित्रं मात्र कालच कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून आणली होती, रंगीत पानाला दहा रुपये मोजून.