चूक आपल्याकडची असली तर विमा पैसे देतो का?

पारोळ्याची ताई: काल संध्याकाळी माझ्या भावाने एरंडोलजवळ गाडी वळवताना समोरून येणाऱ्या मोटरसायकलला धडक दिली. चूक त्याचीच. मागे बसलेल्या आजींचा पाय मोडला, त्यांना जळगावला हलवलंय. आमचा बंपर आणि फेंडर गेला. गाडी साडेतीन वर्षांची, १२०० सीसी, फुल विमा. आजींच्या घरचे म्हणतात, ८० हजार द्या, कागदावर लिहू आणि मिटवू. वडील तयार आहेत. काय करावं?

नाना, जळगाव (निवृत्त सर्वेअर, म्हणजे विम्यासाठी गाडीचं नुकसान तपासणारे): ताई, त्या कागदावर कोणी सही करू नका. कंपनीला न विचारता चूक कबूल करायची नाही, तडजोड करायची नाही, ही पॉलिसीतलीच अट आहे. दवाखान्याचं बिल माणुसकीने जरूर भरा, पावती ठेवा.

आणि आजींचाही विचार करा. उद्या पायात रॉड टाकावा लागला तर ८० हजार कुठे पुरणार? त्यांना क्लेम ट्रिब्युनलमध्ये (अपघाताची भरपाई ठरवणाऱ्या न्यायाधिकरणात) सहा महिन्यांत अर्ज करता येतो. इजेच्या भरपाईला थर्ड पार्टीत (विम्याचा समोरच्याचं नुकसान भरून देणारा भाग) कमाल मर्यादाच नाही. मोटरसायकलच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत आहे. भावाची चूक आहे म्हणूनच तर हा विमा कामाला येतो.

तुमच्या गाडीचं ओन डॅमेजमधून (विम्याचा स्वतःच्या गाडीचा भाग) मिळेल, चूक कोणाचीही असो. झिरो डेप (घसारा न कापता पैसे देणारी जादा सोय) नसेल तर प्लास्टिकच्या बंपरचे निम्मे पैसे कापतील, पत्र्याच्या फेंडरचे या वयाला २५ टक्के. वर १,००० रुपये सक्तीचे तुमचे. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मात्र जाईल. सर्वेअर येईपर्यंत गाडी उघडू देऊ नका.

अमळनेरकर: नाना, बरोबर शे. पण लायसन संपलेलं निघालं तर?

नाना, जळगाव: तर गाडीचा क्लेम बहुतेक नाकारतात. आजींना कोर्ट बऱ्याचदा कंपनीकडूनच द्यायला लावतं, आणि कंपनी ते मालकाकडून वसूल करते. दारू प्यालेला असला तरी गाडीचे पैसे विसरा.

पारोळ्याची ताई: लायसन चालू आहे, दारूचा प्रश्नच नाही. पण पोलिसांत गेलो तर भावावर केस होईल, वडील त्यालाच घाबरलेत.

नाना, जळगाव: केस होईल, पण ती जामीनपात्र असते. कायद्याने २४ तासांत कळवावंच लागतं, म्हणजे तुमच्याकडे आज संध्याकाळपर्यंतचाच वेळ आहे. वडिलांना सोबत घेऊन ठाण्यात जा, आणि निघण्याआधी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करून क्लेम नंबर लिहून घ्या.