प्रथिनांची पावडर, वाढीचे संप्रेरक आणि मल्लाचा खुराक

मूळ मत : व्यायामानंतर प्रथिनांची पावडर घेतली की वाढीचे संप्रेरक उसळते आणि त्यामुळेच दंड भरतात, मल्लांना अजूनही दूध-बदामावर ठेवणे म्हणजे त्यांचे नुकसान करणे होय.

कलाजंग : हे वाचून राहवले नाही. वाढीचे संप्रेरक जोरकस व्यायामाने आणि गाढ झोपेत वाढते हे खरे, परंतु त्या क्षणिक उसळीने दंड भरत नाहीत. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या 2010 मधल्या प्रयोगात 12 तरुणांनी एक दंड नुसता कमावला आणि दुसऱ्याच्या व्यायामाला पायांचा जबर व्यायाम जोडला, म्हणजे त्या वेळी रक्तात ही संप्रेरके भरपूर असावीत. 15 आठवड्यांनी दोन्ही दंड सारखेच वाढलेले निघाले. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांतले ल्युसिन थेट स्नायूच्या पेशीला बांधणीची सूचना देते आणि ही आम्ले बांधणीचा माल पुरवतात. तो माल दुधातही असतो. आपल्या पावडरीतले व्हे म्हणजे तरी काय, चीज करताना उरलेली निवळीच ना!

डंबेल : संप्रेरकाचे सोडा. 2018 मध्ये 49 चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा जादा प्रथिन घेणाऱ्यांचे स्नायू अधिक वाढलेले दिसले, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. आमच्या मेसच्या वरणात डाळ शोधावी लागे. मला पावडरीनेच तारले. आपल्या दारी गोठा असेल, आमच्या नव्हता.

कलाजंग : त्याच अभ्यासात सरासरी फरक सुमारे 300 ग्रॅमचा होता आणि दिवसाला वजनाच्या किलोमागे 1.6 ग्रॅमच्या पुढे लाभ थांबल्यासारखा होता, तेवढे आपण वाचले नसावे. म्हणजे 70 किलोच्या मल्लाला 112 ग्रॅम, त्यातले 70 तरी म्हशीच्या दोन लिटर दुधात मिळतात. आणि गोठा कसला? माझ्या खुराकापायी वडिलांचे उसाचे बिल तालमीतच जिरत असे.

ढाक : पुतण्याने व्यायामशाळेतूनच स्वस्तात डबा घेतला. शिक्का आधीच उचकटलेला होता आणि पावडर विरघळण्याऐवजी गव्हाच्या पिठासारखी तळाशी बसत होती. अंग भरेना, तेव्हा तिथल्या प्रशिक्षकाने सांगितले, ‘संप्रेरकच वाढवायचे ना, मग थेट टोचून घे.’ वर ज्यांनी संप्रेरकाचे गुणगान केले, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. टोचलेल्या संप्रेरकाने वजन वाढते, पण त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो, ताकद वाढल्याचा पुरावा तोकडा आहे आणि स्पर्धेतल्या खेळाडूला ते निषिद्धच आहे.

डंबेल : लबाड विक्रेत्याचा राग प्रथिनावर काढणे हा कोणता न्याय? आपल्या दुधात पाणी घालणारे नसतात काय?

कलाजंग : असतात! आमचा गवळी लॅक्टोमीटर पाहिला की वासरू आजारी असल्याचे सांगू लागे, तेव्हा हा डाव आपलाच. सीलबंद, तपासलेली पावडर आपल्या मेसच्या वरणाहून बरी, हेही लिहून देतो. मूळ लेखकाने मात्र संप्रेरकाचे ते वाक्य अजून बदललेले नाही.